आर्नेमला पॅराट्रूपर्सबरोबर मिलिटरी पोलीस कशाला उतरवले होते?

रानवारा: मी नेदरलँड्समधे असतो, नुकतीच ऊस्टरबेकची वॉर सिमेट्री आणि तिथलं हार्टेनस्टाइन म्युझियम बघितलं. दुसऱ्या महायुद्धातली आर्नेमची लढाई, ऱ्हाइनवरचा पूल, तो धरून ठेवणारे कर्नल फ्रॉस्ट वगैरे माहीत होतं पण तिथे विमानांतून उतरलेल्या ब्रिटिश फर्स्ट एअरबोर्न डिव्हिजनबरोबर मिलिटरी पोलिसांची एक अख्खी प्रोव्होस्ट कंपनी होती हे आत्ता वाचलं. शत्रूच्या मुलखात पोलिसांचं काय काम? आणि पकडले गेले त्यांचं पुढे काय झालं?

वाटाड्या: काम भरपूर होतं हो. १७ सप्टेंबर १९४४ ला उतरले ती मैदानं पुलापासून १०-१२ किमी लांब, त्यामुळे रस्त्यावर खुणा लावणं, जीपा आणि तोफा योग्य वाटेला लावणं, डिव्हिजन हेडक्वार्टरवर पहारा आणि कैदी सांभाळणं हे सगळं यांच्याकडे. काहीजण थेट आर्नेमच्या पोलीस स्टेशनपर्यंत पोचले आणि तिथेच अडकले. हार्टेनस्टाइन तेव्हा हॉटेल होतं, त्याच्या टेनिस कोर्टच्या जाळीत जर्मन कैदी ठेवले होते, आणि जर्मनांच्याच तोफा तिथे पडायला लागल्यावर त्या कैद्यांनी कोर्टात चर खणले आणि पहारेकरीही बाहेर तसल्याच खड्ड्यात. जमिनीवरून येणारी फौज दोन दिवसात पोचणार होती, ती पोचलीच नाही. मग पोलीस काय आणि कारकून काय, सगळेच रायफल घेऊन लढले.

इतिहासवेडी: पुढचं मी सांगते. २५ च्या रात्री पावसात ऱ्हाइन ओलांडून साधारण २४०० जण परत आले, ६००० च्या वर पकडले गेले, म्हणजे काल कैद्यांवर पहारा देणारे आज स्वतःच कैदी. बंद मालडब्यांतून जर्मनीत नेलं, बऱ्याच जणांना फॅलिंगबोस्टेलच्या श्टालाग ११-बी या युद्धकैद्यांच्या कॅम्पमधे. साध्या शिपायांना कामाला जुंपता यायचं, सार्जंट वगैरेंना जिनिव्हा करारामुळे सक्ती नव्हती. शेवटच्या हिवाळ्यात रेड क्रॉसची पार्सलं आटली आणि पातळ सूप नि पावाचा तुकडा यावर दिवस काढायचे, पाव जो कापेल त्याने उरलेला तुकडा शेवटी घ्यायचा म्हणजे भांडण नको. तिथे थर्ड पॅरा बटालियनच्या आरएसएम (रेजिमेंटल सार्जंट मेजर) जॉन लॉर्डनी शिस्त कोसळू दिली नाही, रोज दाढी, परेड, आणि कोणी गेला तर त्याची अंत्ययात्रा सैनिकी इतमामात. मला हे लढाईइतकंच मोठं वाटतं, उपाशी माणसाला ताठ उभं ठेवणं सोपं नाही. १६ एप्रिल १९४५ ला तो कॅम्प सुटला.

रानवारा: दोघांचेही मनापासून आभार. एखाद्याचा माग काढायचा तर कुठे बघू?

वाटाड्या: लंडनला क्यूच्या नॅशनल अर्काइव्हजमधे डब्ल्यूओ ३४४ या क्रमांकाची कागदपत्रं बघा. सुटलेल्या कैद्यांकडून फॉर्म भरून घेतले होते, कधी कुठे पकडला, कोणते कॅम्प, काय काम करायला लावलं, पळायचा प्रयत्न केला का. सगळ्यांनी भरले नाहीत, पण आडनावावरून लावलेत त्यामुळे शोधणं सोपं जातं.