ड्रॅगनला वजन पाहिजे

जुन्या सिनेमांतले ड्रॅगन आता बाहुल्यांसारखे दिसतात असं म्हणतात, ते मला काही पटलं नाही बघा. १९८१ चा ‘ड्रॅगनस्लेयर’ हा सिनेमा परत पाहा. स्पेशल इफेक्ट्सवाल्या फिल टिपेट आणि मंडळींनी त्यात ‘गो-मोशन’ नावाचं तंत्र वापरलं. कॅमेऱ्याचं शटर उघडं असतानाच मोटर्स बाहुली हलवायच्या, त्यामुळं फ्रेममध्ये हालचाल किंचित पुसट यायची आणि स्टॉप-मोशनचा, म्हणजे बाहुली थोडी थोडी हलवून एकेक फ्रेम टिपण्याचा, तुटकपणा जायचा. (संगणक तेव्हाही होताच, पण मोटर्स फिरवायला!)

आम्हा कोल्हापूरकरांना हे खोटं खरं भासवायचं वेड नवं नाही म्हणा. आमच्याच दिग्दर्शक बाबूराव पेंटरांच्या १९२० च्या ‘सैरंध्री’ या मूकपटातला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरनं तो कापायला लावला. कुंभार गल्लीत गणपतीचे डोळे रंगवताना तासन्‌तास बघत उभं राहिलेलं पोरगं मी. संगणकावर बनवलेला आताचा ड्रॅगन कितीही उडू दे, तो जमिनीवर उतरलाय असं मला वाटतच नाही.