गाडी ‘ओढते’ म्हणजे नेमकं कोण कुणाला ओढतं?

कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला गॅरेजात गाडी नेली की मिस्त्री आधी विचारतो, “वडती का?” आणि लगेच, “सरळ चालताना का ब्रेकला?” ‘ब्रेकला वडती’ म्हणजे ब्रेक दाबल्यावरच एका बाजूला जाते. एरवीही जात असेल तर तो आधी चाकांतली हवा बघतो, मग अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत आहेत का ते. एका ‘ला’ प्रत्ययात केवढं निदान! पण माझी गाडी डावीकडं ओढत होती आणि मिस्त्रीनं खोललं उजवं चाक. मग ‘ओढते’ हा शब्द चुकीचा म्हणायचा का? छापील लेखांत ‘खेचते’ दिसतं, ते जास्त बरोबर आहे का?

प्रतिसाद

ताई, ‘ओढते’च बरोबर. खेचणारा मुद्दाम जोर लावून खेचतो. ओढ आपोआप असते. पावसाळ्यात पंचगंगेच्या पाण्याला ओढ आहे म्हणतो, तशीच ही. स्टेअरिंग हातातून एका बाजूला जायला लागतं, ते हाताला जाणवतं आणि तिथून हा शब्द आलाय. म्हणजे तो चालवणाऱ्याचा शब्द. चाकापाशी बसलेल्या मिस्त्रीचा शब्द वेगळा: ‘धरणे’, म्हणजे ब्रेकनं चाकाला घट्ट पकडणं. जे चाक जास्त धरतं त्या बाजूला गाडी वळते. उसाच्या बैलगाडीत डावा बैल मागं रेंगाळला की गाडी डावीकडंच जाते, खरं ओढत असतो उजवा. तुमच्या गाडीचं डावं चाक नीट धरत होतं, उजवं धरतच नसणार.

‘चिकटणे’ याहून निराळं. पाय काढल्यावरही ब्रेक सुटत नाही, तो चिकटलेला. अशी गाडी ब्रेक न मारताही त्या बाजूला ओढते. फरक कळायला एक सोपी गोष्ट करा. मोकळ्या रस्त्यावर चार-पाचदा ब्रेक मारून थांबा आणि पुढच्या दोन्ही रिमांजवळ तळहात न्या. डिस्कला, म्हणजे चाकामागच्या ब्रेकच्या चकतीला, मात्र हात लावू नका, भाजेल. जे चाक गार, ते धरत नाही. ब्रेक फारसा न मारताच एक चाक तापत असेल तर ते चिकटलंय.

आणि ‘फेकते’ म्हणायची वेळ येऊ देऊ नका. करूळ घाट उतरताना ओल्या रस्त्यावर ब्रेकला गाडी एकदम बाजूला गेली की आमच्याकडं ‘फेकली’ म्हणतात.

प्रतिसाद

दादा, अगदी तसंच निघालं! उजव्या कॅलिपरची, म्हणजे डिस्कवर दोन्ही बाजूंनी ब्रेकची पॅड दाबणाऱ्या चिमट्याची, सरकती पिन गंजून घट्ट बसली होती. मिस्त्रीनं ती काढली तेव्हा पान्यावर लालसर भुकटी सांडली. आतलं पॅड पार पत्र्यापर्यंत झिजलेलं, बाहेरचं जवळपास नवं. “हे धरतच न्हवतं,” असं तो म्हणालाही होता, पण माझं सगळं लक्ष ‘ओढते’कडं होतं. पॅड त्यानं दोन्ही चाकांची बदलली. एकाच बाजूची नवी घातली तर परत ओढेल म्हणाला.

सोलापूर, बेळगावकडची मंडळी इथं असतील तर सांगा, तुमच्याकडं ‘धरणे’च म्हणतात की ‘पकडणे’?