बॅटरीवाला जीपीयू दिवसभर पुरतो का?

रॅम्पवरचा_नवखा:
मंडळी एक शंका. आमच्याकडे डिझेल जीपीयू (उभ्या विमानाला बाहेरून वीज देणारं मशीन) काढून बॅटरीवाले आणणार म्हणतायत. मी रॅम्पवर (विमानतळावर विमानं उभी राहतात तिथे) नवीनच आहे पण हिशोब काही जमेना. मशीनवर 90 केव्हीए लिहिलंय आणि बॅटरी 160 युनिटची, म्हणजे पावणेदोन तासात खेळ खल्लास ना? डिझेलचं कसं, टाकी भरली की विषय संपला. मधेच बंद पडलं आणि विमानात अंधार झाला तर बोलणी मीच खाणार. कोणी वापरलाय का?

केबल_ओढणारा:
अरे 90 ही मशीनची कमाल ताकद झाली, विमान तेवढं खातच नाही. ए320 किंवा 737 नुसतं बेवर (पार्किंगच्या जागेवर) उभं असेल, दिवे पंखे कॉकपिट सगळं धरून, तर 20-30 किलोवॅटच्या आसपास खेळतं. ए320 चा कार्गो दरवाजा उघडायला यलो हायड्रॉलिकचा (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेचा) पंप चालतो तेव्हा मीटर टुणकन वर जातो, पण ते तेवढ्यापुरतंच. 25 धर, पाऊण तासाचा टर्नअराउंड (विमान येऊन परत निघेपर्यंतचा वेळ), झाले 19 युनिट. तळाला थोडी राखून ठेवली तरी सहा विमानं आरामात होतात. आणि अंधाराचं म्हणशील तर विमानाची स्वतःची बॅटरी असते, त्यावर एपीयू (विमानाच्या शेपटीतलं छोटं इंजिन, वीज आणि हवा देणारं) सुरू करता येतो, तू एवढा घाबरू नको.

चारशे_हर्ट्झ:
वरच्यांशी सहमत. विमानाला 115 व्होल्ट, 400 हर्ट्झ, थ्री फेज लागतं (फ्रीक्वेन्सी जास्त म्हणून ट्रान्सफॉर्मर आणि मोटरी हलक्या होतात, विमानात वजनाचंच तर सगळं रडगाणं). डिझेलवाल्यात ते 400 टिकवायला इंजिन ठरलेल्या आरपीएमवर घोंघावत ठेवावं लागतं, मग विमान 5 किलोवॅट घेवो नाहीतर 50, आणि सारखं कमी लोडवर चालवलं की सायलेन्सरमध्ये अर्धवट जळलेलं डिझेल साचतं ते वेगळंच. बॅटरीवाल्यात इन्व्हर्टर आहे, मागाल तेवढंच देतो. एक मात्र बघून घे, तुमच्याकडे एटीआर (पंखेवालं छोटं प्रवासी विमान) किंवा छोटी विमानं येत असतील तर त्यांना 28 व्होल्ट डीसी लागतं, प्लगही वेगळा. ते आउटलेट सगळ्या मशीनवर नसतं.

एपीयू_बंद_करा:
सगळे बॅटरीवर बोलतायत पण खरी गोम हवेत आहे. जीपीयू फक्त वीज देतो, एसी नाही!! ए320, 737 चा एसी दाबाच्या हवेवर चालतो, ती एपीयूकडून येते. उन्हात थंड हवेचा पाइप जोडला नाही तर पायलट एपीयू चालूच ठेवणार, तासाला शंभर किलोच्या आसपास इंधन फुकत, आणि तुमचं नवंकोरं मशीन शेजारी शोभेला उभं. इंजिन स्टार्टलाही तीच हवा, त्यामुळे निघायच्या आधी एपीयू सहसा लागतोच. 787 चं वेगळं आहे, त्याचं इंजिनसुद्धा विजेवर स्टार्ट होतं, पण मग त्याला एका प्लगने भागत नाही.

रॅम्पवरचा_नवखा:
हे एसीचं मला कोणी सांगितलंच नव्हतं 😅 आणि चार्जिंगचं कसं करता?

केबल_ओढणारा:
तिथेच आमची फजिती झाली होती. चार्जर लावलेले पार लांबच्या कोपऱ्यात, दोन फ्लाइटच्या मधे ट्रॅक्टर जोडून तिथवर न्यायला कोणाला वेळ आहे, रात्रपाळीला वाटलं दिवसपाळीने लावलंय, दिवसपाळीला वाटलं रात्री झालं असेल. सकाळच्या पहिल्याच विमानाला 12 टक्के. शेवटी बेच्या जवळ साधे थ्री फेजचे सॉकेट घेतले, वीस मिनिटं मिळाली तरी लावून टाकायचं, आणि पाळी बदलताना टक्के वहीत लिहायचे. आणि हो, कॉकपिटने एक्स्टर्नल पॉवर ऑफ केल्याशिवाय प्लग ओढू नको, चालू लोडवर ओढला की पिना जळतात, हे डिझेललाही तसंच.

रॅम्पवरचा_नवखा:
भारी. उद्या आधी 28 व्होल्टचं विचारतो, आमच्याकडे रोज दोन एटीआर येतात.