हनुक्का शिकवताना भूमिकानाट्य : नेमके कोणते प्रसंग घ्यावेत?

इतिहास_शिक्षिका :
नमस्कार. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना हनुक्का या यहुदी सणाची ओळख करून द्यायची आहे. दिवे, भोवरा आणि तळलेले पदार्थ यांवर न थांबता, ज्या घटनेतून हा सण आला ती मुलांनी स्वतः भूमिका घेऊन समजून घ्यावी, असे मला वाटते. कथानक असे : इ.स.पू. १६७ मध्ये सेल्युसिड या ग्रीक राजघराण्यातील राजा चौथा अँटिओकस याने सुंता, शब्बाथ (साप्ताहिक विश्रांतीचा पवित्र दिवस) आणि तोरा (यहुद्यांचे नियमशास्त्र) यांवर बंदी घातली, मोदीईन गावचा याजक मत्तथ्या आणि त्याचे पाच मुलगे यांनी बंड पुकारले, आणि इ.स.पू. १६४ मध्ये त्या मुलांपैकी यहूदा मक्काबीने जेरुसलेमच्या मंदिराचे शुद्धीकरण केले. अडचण अशी की, भूमिका वाटायला घेतल्या की प्रत्येकाला यहूदाच व्हायचे असते, मग लुटुपुटीची लढाई सुरू होते आणि सण बाजूला राहतो. वर्गात एक यहुदी मुलगीही आहे. तिला अवघडल्यासारखे होऊ नये, याची मला काळजी आहे.

ग्रंथवाचक :
ताई, ही गोष्ट ‘ग्रीक विरुद्ध यहुदी’ अशी सरळ मांडली, तर लढाईशिवाय दुसरे काही हाती लागणार नाही, कारण खरा पेच यहुदी समाजाच्या आत होता. बंदीच्या काही वर्षे आधी यासोनने राजाला पैसे देऊन प्रमुख याजकपद मिळवले आणि जेरुसलेमात ग्रीक पद्धतीची व्यायामशाळा उभारली. तिथे जाणारे तरुण यहुदीच होते. त्यामुळे मोदीईनच्या प्रसंगात ग्रीक शिक्षणाची ओढ असलेला तरुण, भीतीपोटी हुकूम मानायला निघालेला कुटुंबप्रमुख आणि काही झाले तरी नियमशास्त्र न सोडणारी आजी अशी माणसे असू द्यावीत. राजाला रंगमंचावर आणूच नये. त्याचा अधिकारी येऊन हुकूम वाचून दाखवील, तेवढे पुरे.

या बंडाची हकिकत सांगणाऱ्या मक्काबींच्या दोन प्राचीन ग्रंथांपैकी पहिल्यात आणखी एक प्रसंग आहे, तो मात्र सोडू नका. रानात लपलेल्या सुमारे हजार जणांनी शब्बाथच्या दिवशी शस्त्र उचलायचे नाकारले आणि ते मारले गेले. ती बातमी कळल्यावर मत्तथ्या आणि त्याचे सोबती विचार करायला बसतात : आपणही असेच केले, तर नियम पाळणारा कोणी उरणार नाही, मग शब्बाथला हल्ला झाल्यास लढायचे की नाही? त्यांनी लढायचे ठरवले. मुलांना हा निर्णय आधी सांगू नये. दोन्ही बाजूंनी भांडू द्यावे आणि मगच ग्रंथातला उतारा वाचावा.

नाट्य_मार्गदर्शक :
वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे आणि त्यात एक भर घालतो : छळ अभिनयातून दाखवू नये. हत्या, जबरदस्तीने द्यायला लावलेले बळी, मंदिराची विटंबना हे सर्व कथनातून सांगावे. मुलांनी करायचा तो विचारविनिमय. त्यासाठी माझ्या मते सर्वांत समृद्ध प्रसंग विजयानंतरचा आहे. मंदिर हाती आले, पण होमार्पणाची वेदी भ्रष्ट झालेली. ती पाडली, तरी एके काळी पवित्र असलेल्या त्या दगडांचे करायचे काय? पुठ्ठ्याची खोकी दगड म्हणून मधोमध रचावीत आणि याजकांच्या भूमिकेतील मुलांना भोवती बसवावे. कोणी म्हणेल, धुऊन पुन्हा वापरू. कोणी म्हणेल, फोडून टाकू. एखादा म्हणेल, आपल्याला हे ठरवण्याचा अधिकारच नाही. ग्रंथानुसार ते दगड टेकडीवर योग्य जागी ठेवण्यात आले, एखादा संदेष्टा येऊन त्यांचे काय करायचे ते सांगेपर्यंत, आणि न घडवलेल्या दगडांची नवी वेदी बांधण्यात आली. खोकी एकेक करून वर्गाच्या कोपऱ्यात नेऊन ठेवताना ‘हा प्रश्न आपण खुला ठेवत आहोत’ ही गोष्ट मुलांच्या हातांना कळते, आणि ती व्याख्यानातून कधीच कळत नाही.

दिवाबत्ती :
मी स्वतः यहुदी आहे, म्हणून एक विनंती. इतिहासातील वादाचे नाट्य जरूर करा, परंतु दिवे लावतानाचे आशीर्वचन मुलांकडून अभिनय म्हणून म्हणवून घेऊ नका. आमच्यासाठी ती आजची, खरीखुरी प्रार्थना आहे. नऊ फांद्यांची हनुक्किया दाखवावी आणि नववा दिवा इतर आठ लावण्यासाठी असतो, हे समजावून सांगावे. त्या मुलीला मक्काबींच्या कुळातली भूमिका आपण होऊन देऊ नका आणि सर्वांसमोर ‘तुमच्याकडे कसे करतात’ असेही विचारू नका. तिला सांगावेसे वाटले तर ती सांगेल.

मंदिरातील दिव्याचे एका दिवसाचे तेल आठ दिवस पुरले, ही कथा मक्काबींच्या दोन्ही ग्रंथांत नाही. ती बाबिलोनी तालमूदमध्ये, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात, कित्येक शतकांनंतर येते. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात हनुक्काच्या आठ दिवसांचा संबंध डोंगरात लपल्यामुळे नीट साजरा न करता आलेल्या मांडवांच्या सणाशी (सुक्कोत या यहुदी सणाशी) जोडला आहे. ही दोन्ही कारणे मुलांसमोर शेजारी शेजारी ठेवावीत. तेलाची कथा खोटी पाडण्यासाठी नव्हे, तर पुढच्या पिढ्यांनी त्या विजयातून काय जपायचे ठरवले, हे दिसावे म्हणून.

इतिहास_शिक्षिका :
सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या तासाला मोदीईन आणि शब्बाथचा वाद, दुसऱ्या तासाला वेदीचे दगड, आणि शेवटी सर्वांनी भूमिकेतून बाहेर येऊन दोन्ही कथांचे वाचन, असे ठरवत आहे. तालमूदमध्येच दिव्यांबाबत शम्माई आणि हिल्लेल या दोन यहुदी आचार्यांच्या पंथांचा मतभेद आहे, आठवरून रोज एक कमी करायचा की एकापासून रोज एक वाढवायचा. तो लेखी गृहपाठासाठी देईन, म्हणजे वर्गात बोलायला संकोचणाऱ्या मुलांनाही एक बाजू घेता येईल.