थंडीत गाडीतून उतरताना झटका बसतो, वायरिंग लीक आहे का?

नागपूरकर_७:
नमस्कार मंडळी, डिसेंबर लागला की रोजचं झालंय, गाडीतून उतरून दार लावायला हात लावला की बोटाला चट्टकन झटका, अंधारात ठिणगीपण दिसते. मेकॅनिकने बॅटरी-अर्थिंग सगळं बघितलं, काही सापडलं नाही. पावसाळ्यात एकदाही होत नाही. बॉडीत करंट उतरतोय का? लहान मुलं बसतात म्हणून काळजी वाटते.

सोल्डरवाला:
वायरिंगचा संबंध नाही, गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, कोरड्या हाताला तिचा झटका बसत नाही. चार्ज तुमच्या अंगावर आहे. पॉलिस्टरचं सीट कव्हर आणि अंगात स्वेटर, घासाघाशीत एकाचे इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात, बसलेले असता तोवर दोन्ही चार्ज एकमेकांना धरून असतात म्हणून कळत नाही, उठलात की ते वेगळे होतात आणि अंगावरचं व्होल्टेज एकदम चढतं, त्यात बुटाचा सोल रबरी म्हणजे जमिनीत उतरायची सोय नाही. मग बोट पत्र्याजवळ गेलं की मधली हवा फुटते, म्हणजे तिच्यातून ठिणगी उडते. हवा फुटायला सेंटिमीटरमागे साधारण ३० हजार व्होल्ट लागतात, त्यावरून अंदाज करा. पावसाळ्यात कपड्यांवर, सीटवर ओल धरते, तिच्यातून चार्ज हळूहळू निघून जातो.
उपाय फुकटचा आहे. सीटवरून उठायच्या आधीच दाराच्या चौकटीचा धातू धरा आणि पाय जमिनीला टेकेपर्यंत सोडू नका.

घाटावरची:
हजारो व्होल्ट आणि माणसाला काहीच होत नाही? घरातले २३० तर जीव घेतात!

सोल्डरवाला:
ताई, घरातला करंट हात सुटेपर्यंत वाहत राहतो. इथे ऊर्जेचा साठाच एवढासा असतो, १० हजार व्होल्टला ७-८ मिलिज्यूल धरा, आणि तो मायक्रोसेकंदाच्या आत संपतो. मुलं दचकतील फार तर.

पंपवाला:
माणसाला काही होत नाही हे बरोबर, पण पेट्रोलची वाफ पेटायला पाव मिलिज्यूलसुद्धा पुरते! आमच्याकडे टँकर खाली करायच्या आधी अर्थिंगची क्लिप लावतात ती याचसाठी. गवत कापायच्या मशीनसाठी लोक प्लास्टिकचा कॅन आणतात आणि डिकीतच ठेवून भरा म्हणतात, कृपा करून असं करू नका. पेट्रोल वाहतानापण चार्ज तयार होतो आणि डिकीतल्या कार्पेटवर तो जातच नाही कुठे. कॅन धातूचा घ्या, जमिनीवर ठेवा, नोझल तोंडाला टेकवून भरा. पेट्रोल भरत असताना मधेच गाडीत जाऊन बसायचं आणि परत उतरून नोझलजवळ यायचं, हेही नको.

नागपूरकर_७:
धन्यवाद सगळ्यांना! दुकानात गाडीखाली लोंबणारी रबरी पट्टी मिळते, ती लावू का?

सोल्डरवाला:
पैसे घालवू नका. टायरच्या रबरात कार्बन असतो, गाडीचा चार्ज तिथूनच बराचसा उतरतो. तुमच्या अंगावरचा त्या पट्टीने कसा जाईल? त्यापेक्षा सुती सीट कव्हर घ्या.