मदत हवी आहे : तणसाचे ओलसर गठ्ठे आतून तापत आहेत

नमस्कार मंडळी,

माझा गोठा नागपूरजवळ मौद्याच्या बाजूला असून त्यात पाच म्हशी (त्यांपैकी एक सात महिन्यांची गाभण) आणि दोन गाई आहेत. यंदा मजूर न मिळाल्याने अडीच एकरांतील धान हार्वेस्टरने काढले आणि मागे पडलेल्या तणसाचे (धानाच्या पेंढ्याचे) बेलरने गठ्ठे बांधून घेतले. पूर्वी कापलेले धान पुंजण्यात (रचलेल्या ढिगात) वाळत असे, त्यामुळे तणसाच्या ओलीचा विचार करण्याची वेळच कधी आली नव्हती. या वेळी मात्र काड्या बुडाशी हिरवट होत्या, त्यातच बांधणीच्या आदल्या रात्री पावसाची सर येऊन गेली आणि बेलरवाल्याची पाळी हुकू नये म्हणून मी घाई केली, ही चूक माझीच.

एकूण २२० गठ्ठे असून प्रत्येकाचे वजन साधारण १५ किलो भरते. गोठ्याला लागून असलेल्या टिनाच्या शेडमध्ये ते एकमेकांना खेटून रचले आणि वरून ताडपत्री घातली. आज नववा दिवस आहे. सकाळी ताडपत्रीच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब लोंबत होते, मधल्या थरात हात घातला तर चांगलीच ऊब लागली, आणि वास आंबूस येत आहे. काही गठ्ठ्यांच्या कडांवर पांढरी बुरशीही दिसू लागली आहे.

ही गंजी आत्ताच उकलावी, की काही दिवसांत ती आपोआप थंड होईल? उकलून वाळवलेले तणस गाभण म्हशीला चालेल का? आणि ओल आहेच तर त्यावर युरिया प्रक्रिया करून टाकावी, असे शेजारी सुचवतात. तो सल्ला कितपत योग्य आहे?

प्रतिसाद १

आपोआप थंड होण्याची वाट पाहू नका, परंतु तपमान पाहिल्याशिवाय उकलायलाही जाऊ नका. ओलीवर वाढणारे सूक्ष्मजीव आधी उष्णता निर्माण करतात; ६०-६५ अंशांच्या पुढे ते मरतात, पण तोपर्यंत सुरू झालेली रासायनिक क्रिया उष्णता वाढवीतच राहते आणि बांधणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत गंजी बाहेरून काडी न लावता पेटू शकते. टोक ठोकून निमुळता केलेला, बाजूने छिद्रे पाडलेला लोखंडी पाइप मध्यापर्यंत खुपसा आणि दोरीला बांधलेला थर्मामीटर (तापाचा नव्हे, १०० अंशांपर्यंतचा) त्यात पंधरा मिनिटे सोडा. पन्नासच्या आत असेल तर निवांतपणे उकला. पंचावन्न ते पासष्ट असेल तर आजच उकला, पाणी हाताशी ठेवा. सत्तरच्या वर असेल किंवा गूळ करपल्यासारखा वास येत असेल तर गठ्ठा ओढू नका, कारण आत हवा शिरताच भडका उडतो. आधी जनावरे सोडून दूर बांधा आणि अग्निशमन दलाला बोलवा. गंजीवर चढू तर मुळीच नका, आतून जळून पोकळ झालेली असू शकते.

पुन्हा रचण्यापूर्वी ओल १५ टक्क्यांच्या आसपास यायला हवी. मी कोरड्या बरणीत मूठभर बारीक तुकडे आणि चमचाभर कोरडे मीठ घालून दोन-तीन मिनिटे हलवतो. मिठाचे गोळे झाले तर तणस अजून ओले आहे असे समजतो. रचताना खाली लाकडी ओंडके, ओळींमध्ये वीतभर फट आणि ताडपत्री बल्ल्यांवर उचलून धरलेली असावी. शिवाय ही गंजी गोठ्याला लागून नको.

प्रतिसाद २

युरियाबद्दल. १०० किलो कोरड्या तणसाला ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडतात आणि हवाबंद झाकून २१ दिवस ठेवतात. तयार होणारा अमोनिया बुरशी रोखतो आणि प्रथिनांचे प्रमाणही वाढवतो. तुमच्या तणसात ओल आधीच आहे, म्हणून पाणी तेवढे कमी करा, युरिया नव्हे. नागपूरची थंडी लक्षात घेता मी चार आठवडे झाकून ठेवीन. खाऊ घालण्यापूर्वी काही तास पसरून वास जाऊ द्यावा, सहा महिन्यांच्या आतील वासरांना देऊ नये. हिरव्या गवताच्या किंवा द्विदल चाऱ्याच्या गठ्ठ्यांवर ही प्रक्रिया करू नये, त्यातून विषबाधा होऊ शकते.

मात्र जे आधीच बुरसले आहे, ते युरियाने शुद्ध होते असे मानू नका. बुरसलेल्या चाऱ्याने गर्भपात होऊ शकतो आणि धानाच्या बुरसलेल्या तणसाने हिवाळ्यात म्हशींना डेगनाला रोग होतो, ज्यात शेपटीचे टोक, कान आणि खूर सडतात. गाभण म्हशीला त्यातली काडीही नको. बुरशीतील अफ्लाटॉक्सिन या विषाचा अंश दुधात उतरतो, आणि दुधात त्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम इतकीच आहे. झटकताना तोंडाला फडके बांधा, ती धूळ फुफ्फुसाला बाधते.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. पाइप खुपसून पाहिले, मध्यभागी ५८ अंश भरले. ड्रमभर पाणी ठेवून संध्याकाळपर्यंत सर्व गठ्ठे खळ्यावर उकलले. बुरसलेले ४१ निघाले, ते शेणखताच्या खड्ड्यात टाकले. उरलेल्यांपैकी निम्मे वाळवून ठेवतो आणि निम्म्यांवर युरिया प्रक्रिया करतो. एकच शंका राहिली : वरवर स्वच्छ दिसणाऱ्या, परंतु आंबूस वास येणाऱ्या गठ्ठ्यांचे काय करावे?

प्रतिसाद २

उन्हात दोन दिवस फिरवून वास गेला, तर दुभत्या किंवा गाभण नसलेल्या जनावरांना थोडे थोडे घालून पाहा. वास राहिला, तर तेही खड्ड्यातच.