वस्त्रे, माळ की झगा?

चिनी इतिहासावरचा एक मजकूर मराठीत करतेय आणि एका वाक्प्रचारापाशी अडलेय. 'ह्वांगपाओ ज्याशन', शब्दशः 'पिवळा झगा अंगावर येणे'. म्हणजे शिपायांनीच आपल्या सेनापतीला सम्राट करून टाकणे. प्रसंग 960 सालचा. आधीचा सम्राट वारलेला, गादीवर सात वर्षांचं पोर. उत्तरेकडून खितान लोकांची फौज चालून येतेय अशी वर्दी आली, म्हणून राजरक्षक फौजेचा सेनापती झाओ क्वांगयिन राजधानी कायफेंगहून निघाला. मुक्काम जवळच, चेनच्याओला. रात्री पिऊन झोपला. पहाटे सरदार तंबूपाशी जमले, त्याच्या अंगावर पिवळा झगा टाकला आणि जयजयकार सुरू केला. फौज तशीच माघारी. तिथून सोंग घराणं, थेट 1279 पर्यंत. मराठीत काय म्हणू?

—

'माळ गळ्यात पडणे'. मुख्यमंत्रिपदाची पडते तशी. ज्याच्या गळ्यात पडते त्याने काहीच केलेलं नसतं, असा आव त्यातही असतोच.

—

माळ अर्धंच काम करते. ती कोण घालतं ते आपण सांगत नाही, आपोआप पडते. चेनच्याओला घालणारे दिसतात आणि त्यांच्या हातात उपसलेल्या तलवारी आहेत.

आपल्याकडे याच्या अगदी जवळचा शब्द आहे, 'वस्त्रे'. पेशवाईची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडून येत. सवाई माधवरावांना ती मिळाली तेव्हा ते जेमतेम 40 दिवसांचे होते. पण वस्त्रे वरून येतात आणि हा झगा खालून आला. म्हणून 'शिपायांनी सम्राटपदाची वस्त्रे दिली' असं लिहिलं तर जुनं मराठी वाचणारा चमकेल, आणि चमकायलाच हवा.

दुसरं, झग्याचं कापड बघा. याच्या नऊ-दहा वर्षं आधी गुओ वेई नावाच्या सेनापतीलाही शिपायांनी असंच सम्राट केलं होतं. तेव्हा झगा नव्हता, म्हणून पिवळं निशाण फाडून त्याच्या अंगावर लपेटलं. झाओच्या वेळी मोहिमेवरच्या छावणीत झगा तयार होता! आणि ज्यांच्यावर निघाले ते खितान? त्यांच्याशी लढाई झालीच नाही. घराण्याचं नाव झाओ पूर्वी जिथे सुभेदार होता त्या सोंगचौवरून पडलं, पण मराठी वाचकाला 'सोंग' वाचून झोपेचं सोंगच आठवणार. आठवू द्या.

—

'झगा' नको हो. आज झगा म्हटलं की पोरींचा फ्रॉक, नाहीतर 'झगा मगा मला बघा'. 'पीतांबर' सुचवणार होतो, पण सम्राट सोवळं नेसून जेवायला बसल्यासारखा वाटेल. 'अंगरखा' बरा. आणि क्रियापद 'चढवणे' नको, ते आपलं आपण. दुसऱ्याच्या अंगावर 'घालणे'.

'बंड' मात्र टाळू नका. झाओने शिपायांकडून वचन घेतलं की बालसम्राट, त्याची आई, दरबारी यांना हात लावायचा नाही, शहर लुटायचं नाही. त्या काळात हे विरळाच. तरी हान तोंग नावाचा एक सेनाधिकारी बायकापोरांसकट मारला गेलाच. 53 वर्षांत पाच घराणी बदलली होती. हे सहावं, एवढंच लोकांना वाटलं असणार.

—

ठरलं. मजकुरात 'पिवळा अंगरखा', आणि पहिल्यांदा येईल तिथे 'वस्त्रे, पण शिपायांनी दिलेली'. 'माळ' गेली.

आता पुढचा अडसर. 961 मध्ये झाओने शी शौशिन वगैरे जुन्या सोबत्यांना दारू पाजली आणि म्हणाला, मला रात्री झोप लागत नाही. उद्या तुमच्या माणसांनी तुमच्या अंगावर पिवळा अंगरखा घातला तर तुम्ही तरी काय करणार? दुसऱ्या दिवशी सगळे आजारी पडले आणि फौजेची सूत्रं सोडून जमीनजुमला घेऊन मोकळे झाले. याला चिनीत 'दारूच्या पेल्यावर फौज काढून घेणे' म्हणतात. मी 'प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा' असं लिहिलंय. फार आजचं वाटतं का?

—

राहू दे. एक अक्षर बदलू नका.